पट बारा, हजर बारा

मुलीने नाव सांगितलं नाही.

मी दुसऱ्यांदा विचारलं. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. शेजारच्या खुर्चीतल्या तिच्या वडिलांनी मांडीवरची फाइल सरळ केली आणि म्हणाले, "सई. सई परब. ती बोलते, मॅडम. घरी बोलते, थोडं. बाहेर नाही बोलत."

मे महिना होता. लालबागमधल्या आमच्या प्राथमिक शाळेला सुट्टी होती, पण ऑफिस उघडं होतं. आमच्यासारख्या लहान मराठी शाळांना मे महिन्यात सुट्टी नसते. त्याच महिन्यात मुलं मिळवायची असतात.

नितीन परब परळच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन होते. शर्टाच्या खिशाला अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र लावलेलं होतं. नाइट ड्युटी संपवून तसेच आले होते. फाइलमध्ये मुलीचा जन्मदाखला होता, आधार कार्ड होतं, आणि त्याच्याखाली पत्नीचा मृत्यूदाखला. तो दाखला मागावा लागू नये म्हणून त्यांनी आधीच वर काढून ठेवला.

"अकरा शाळा झाल्या," ते म्हणाले. "दादरला एका ठिकाणी इंटरॅक्शन होतं. दोन्ही पेरेंट्स कंपल्सरी. मी म्हटलं, मिसेस नाहीत. तर काउंटरवरची बाई म्हणते, मग घरातली कोणी फीमेल गार्डियन आणा. बहिणीला घेऊन गेलो. हिला एक चित्र दाखवलं. आई, बाबा, मुलगी पिकनिकला चाललेत. म्हणाले, डिस्क्राइब."

"मग?"

"मग काय. ही चित्राकडे बघत बसली. आत्ता तुमच्या पेपरवेटकडे बघते तशी. आम्हाला मेल आला, वुई रिग्रेट." ते थोडे हसले. "दुसऱ्या एका शाळेने स्विमिंग पूल दाखवला. मला पूल नको, मॅडम. घोडे नकोत, रोबो नकोत. साधी शाळा पाहिजे. बाई वर्गात येतात, शिकवतात, मूल घरी येतं. तशी."

"तशीच आहे ही," मी म्हटलं.

हे खरं होतं. दोन मजले, चार वर्ग, लाकडी बाकं, मधल्या सुट्टीत खिचडी. खासगी पण अनुदानित, म्हणजे संस्था आमची आणि पगार सरकारचा. माझ्या नावापुढे मुख्याध्यापिका असं लिहिलं होतं, तरी तिसरी आणि चौथी एकत्र मीच शिकवत होते. मुलं मला मोठ्या बाई म्हणत.

इथे मला एक शब्द समजावून सांगायला हवा. पट. शाळेच्या रजिस्टरवर जेवढी मुलांची नावं, तेवढा पट. वर्गात त्या दिवशी जेवढी बसली असतील, ती हजर. पटावर शाळेचा जीव असतो. सप्टेंबरअखेरीचा पट धरून शिक्षण खातं शिक्षकांची पदं ठरवतं. आमच्यासाठी तो आकडा एकसष्ट होता. एकसष्ट मुलं असली तर तीन शिक्षक. साठ झाली की दोन. आणि संस्थेच्या सेक्रेटरींनी मार्चमध्येच मला बोलावून सांगितलं होतं, "मोठ्या बाई, यंदा एक जरी पद गेलं तर आम्ही शाळा बंद करायचा अर्ज देणार. दोन बायकांत चार वर्ग चालवून आपण लोकांना काय दाखवणार?"

आजूबाजूच्या चाळी रिकाम्या होत होत्या. आमच्या इमारतीकडेही कोणाची तरी नजर असणार, हे मला कळत होतं. सेक्रेटरी ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

परब आले त्या दिवशी पट साठ होता.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "ही शाळा हिची चौथी होईपर्यंत राहील ना? आजकाल मराठी शाळा बंद पडतात, म्हणून विचारलं. हिची आई गेली. मग आम्ही वरळीची खोली सोडून इकडे बहिणीजवळ आलो. तिची बालवाडी सुटली. आता एक जागा तरी तिच्या पायाखालून हलू नये, एवढंच आहे माझं."

मी म्हटलं, "पंचाहत्तर वर्षं उभी आहे शाळा."

उत्तर खोटं नव्हतं. फक्त त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. फॉर्म भरला. आईची सही या रकान्यात काय लिहायचं असं विचारलं. मी म्हटलं, एक रेघ मारा.

ते गेल्यावर सावंतबाई दारातून आत आल्या. त्या बाहेर व्हरांड्यात जुनी पुस्तकं लावत होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. सावंतबाई पहिलीचा वर्ग घेत. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. त्या मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत होते, घर शाळेपासून चार मिनिटांवर. मी गिरगावातली, पुस्तकं वाचणारी, मोजकं बोलणारी. दर मे महिन्यात आम्ही दोघी चाळी-चाळींतून फिरायचो. कुठल्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल आहे ते त्यांना पाठ असायचं. दार त्या वाजवायच्या, फॉर्म मी भरायचे.

"झाले एकसष्ट," मी म्हटलं.

"बाई, त्यांना खरं सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर गेले असते."

"जाऊ देत की. तेरावी शाळा शोधली असती."

"आणि आपली?"

त्यांनी पुस्तकांची चळत टेबलावर ठेवली. रागावल्या की त्या मालवणीत जायच्या. "ह्यां बरां न्हय," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर गेल्या.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. सई खिडकीजवळच्या बाकावर बसायची. हजेरी घेताना मुलं "हजर बाई" म्हणून ओरडतात. तिचं नाव आलं की शांतता. दोन-तीन दिवस शेजारच्या मुलीने तिच्या वतीने ओरडून पाहिलं. सावंतबाईंनी तिला थांबवलं. "ती आहे ती मला दिसतंय. तुझं नाव आलं की तू ओरड."

मग त्यांनी एक युक्ती केली. आमच्याकडे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज वार आणि तारीख लिहितात, आणि त्याखाली दोन ओळी: पट इतका, हजर इतके. ते काम नेहमी बाईंचं. सावंतबाईंनी खडू सईच्या हातात दिला. म्हणाल्या, "मला चष्म्यातून मागची बाकं नीट दिसत नाहीत. तू मोजत जा."

सई मोजायची. बोटाने नाही, नुसत्या नजरेने, हळूहळू, बाकागणिक. मग खुर्चीवर चढून लिहायची. पट १४. हजर १३. आकडे सरळ आणि मोठे. मधल्या सुट्टीनंतर कोणी उशिरा आलं तर ती न सांगता उठायची, तेरा पुसून चौदा करायची. बाकीची मुलं तिला थोडी घाबरू लागली. "सई, मी आलो हां, लिही," असं दारातून सांगत यायची.

जुलैत तिने पहिल्यांदा सावंतबाईंना काहीतरी सांगितलं. आकडाच होता. "अकरा," म्हणाली. पाऊस खूप होता त्या दिवशी. सावंतबाई मला सांगायला माझ्या वर्गापर्यंत आल्या, तास सोडून. तीस वर्षांत त्यांनी तास सोडलेला मी पाहिला नव्हता.

संध्याकाळी परब मुलीला न्यायला आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ही अकरा शाळांमध्ये एक शब्द बोलली नाही. आणि इथे अकरा म्हणाली." त्यांना त्याचं हसू आलं. मलाही आलं. ते मला मनापासून धन्यवाद देत होते, आणि मी ते घेतले.

ऑगस्टमध्ये साळवींची जुळी मुलं शाळा सोडून गेली. दोघंही पहिलीत. चाळ पाडायला काढली, कुटुंब विरारला गेलं. निघायच्या दिवशी त्यांची आई दोघांना घेऊन वर्गात आली. मुलांनी टाटा केला. मग ती माझ्याकडे आली, शाळा सोडल्याचा दाखला मागायला. हा दाखला दिला की मुलाचं नाव आमच्या पटावरून उतरतं आणि खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर नव्या शाळेकडे जातं.

मी म्हटलं, "ऑनलाइनचा जरा प्रॉब्लेम आहे. दिवाळीनंतर या."

"तिकडची शाळा मागतेय, मोठ्या बाई."

"त्यांना सांगा, मुलांना बसवून घ्या. दाखला येतोय."

पोर्टलचा काहीही प्रॉब्लेम नव्हता. ती बिचारी विरारहून दोनदा आली. दोन्ही वेळा मी तिला चहा दिला आणि परत पाठवलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडताळणी होती. खात्याचे अधिकारी येतात, रजिस्टर बघतात, मुलं मोजतात. आदल्या आठवड्यात मी सावंतबाईंना म्हटलं, "साळवींची मुलं गेली तेव्हापासूनची त्यांची हजेरी लावा. फक्त त्या दिवशी गैरहजर दाखवा. ताप आलाय म्हणू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नाही म्हणतील. दोघींच्याही निवृत्तीला वर्षच उरलं होतं, पण शाळा टिकवायची जबाबदारी माझी होती, त्यांची नाही. पण त्यांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्यासमोर, निळ्या शाईने, दोघांची हजेरी लावली. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

पडताळणीला एक अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. गुडघे दुखत असावेत, जिना चढताना कठडा धरत होत्या. स्वभावाने सरळ वाटल्या. आमचा चहा त्यांनी घेतला नाही, पाणी घेतलं. दुसरी मोजली, तिसरी-चौथी मोजली. सगळं जुळलं. मग आम्ही पहिलीत गेलो.

त्यांनी मुलं मोजली. बारा. रजिस्टर पाहिलं. पट चौदा, आज गैरहजर दोन.

"हे दोघे?"

"जुळी भावंडं आहेत," मी म्हटलं. "ताप आहे दोघांनाही."

त्यांनी मान हलवली, टिक करण्यासाठी पेन उघडलं, आणि वेळ काय झाली ते बघण्यासाठी घड्याळाकडे पाहिलं. आमचं घड्याळ फळ्याच्या वर उजवीकडे आहे. त्यांची नजर तिथून खाली आली.

फळ्यावर लिहिलं होतं: पट १२. हजर १२.

"फळ्यावर बारा आणि पुस्तकात चौदा?"

मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. ऑगस्टपासून तो आकडा रोज तिथे असणार. मी रोज त्या वर्गावरून जात होते आणि कधी वाचला नव्हता. मी अख्ख्या शाळेचे कागद नीट केले होते. फळा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

"ते मुलगी लिहिते," मी म्हटलं. "लहान आहे. चुकली असेल."

हे वाक्य मी बोलले. पुढे जे झालं त्यातलं बरंचसं माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला सांगू शकते. या वाक्याबद्दल तसं सांगता येत नाही.

सई उठून उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"चुकलं नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण वर्गात दुसरा आवाज नव्हता. "साळवींची दोघं विरारला गेली. टाटा करून गेली. म्हणून मी चौदा पुसलं आणि बारा केलं."

अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण लावलं. सावंतबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. सईला म्हणाल्या, "बरोबर आहे बाळा. बस."

बाकीचं सांगायला फार वेळ लागत नाही. ऑफिसमध्ये अधिकारी बाईंनी मला विचारलं, "का केलंत असं? इतकी वर्षं काढलीत तुम्ही." मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची हीच कारणं असतात." मला कारणे दाखवा नोटीस आली. सावंतबाईंनाही आली, कारण रजिस्टरवरचं अक्षर त्यांचं होतं. मी खुलाशात लिहिलं की माझ्या तोंडी आदेशावरून त्यांनी ते केलं. त्यांनी त्यांच्या खुलाशात लिहिलं की आदेश चुकीचा आहे हे त्यांना स्वतःलाही समजत होतं. पट एकोणसाठ धरला गेला. तिसरं पद गेलं. सेक्रेटरींनी अर्ज द्यायला एक दिवससुद्धा घालवला नाही. त्या वर्षाच्या शेवटी शाळा बंद करायची असं ठरलं. मुलं साठावर असती तरी संस्थेने दोन वर्षांत हेच केलं असतं, असं मला आता वाटतं. पण ते वाटणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

साळवींचे दाखले मी त्याच संध्याकाळी काढले आणि रविवारी स्वतः विरारला जाऊन दिले. मुलांच्या आईने दार उघडलं, पाकीट घेतलं आणि "बसा" म्हणाली नाही.

पालकांना शाळा बंद होणार असल्याची पत्रं गेली, तेव्हा परब आले. या वेळी ते एकटेच होते.

"मॅडम, तुम्हाला मे महिन्यात माहीत होतं?"

"हो."

ते खुर्चीत बसले नाहीत. "मी त्या अकरा शाळांना नावं ठेवत होतो. त्यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं."

मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते, दोन-तीन शाळांत माझी ओळख आहे, शब्द टाकते.

"नको. तुमचा शब्द नको." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. औषध लागू पडत नसेल तर पेशंटला सांगावं लागतं, तसं म्हटलं. "नावं लिहून द्या. साध्या शाळा. आणि प्रत्येकीपुढे तिचा खरा पट लिहा."

मी चार नावं लिहिली. ओळखीच्या मुख्याध्यापिकांना परबांसमोरच फोन केले आणि विचारलं, खरा सांगा, खात्याला देता तो नको. दोघी गप्प झाल्या. ती दोन नावं मी खोडली. दोन उरली, एक दादरची, एक वडाळ्याची. परबांनी कागदाची घडी घातली आणि ओळखपत्रामागे खिशात ठेवली.

शेवटच्या दिवशी मी पहिलीच्या वर्गात गेले. मुलं गेली होती. फळा पुसलेला होता, कोपरा सोडून. पट १२. हजर १२. त्या दिवशी सगळी आली होती.

सावंतबाई आणि मी एकाच महिन्यात निवृत्त झालो. त्यानंतरही आम्ही भेटायचो, महिन्यातून एकदा, त्यांच्याकडेच. भाजीपाल्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, त्यांच्या नातवाबद्दल बोलायचो. त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. मला एकच विचारायचं होतं. रजिस्टरवर तुम्ही माझं ऐकलंत, मग फळा तसाच का ठेवलात? विसरलात, की मुद्दाम? इतकी वर्षं मी रोज बघत होते, त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकायची भीती होती, म्हणून दर महिन्याला मी ते पुढच्या महिन्यावर टाकत गेले.

सावंतबाई गेल्या महिन्यात वारल्या. तीन दिवसांचा ताप, मग हॉस्पिटल, मग काही नाही.

मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा परब सईला घेऊन आले होते. ती आता वडाळ्याच्या शाळेत तिसरीत आहे. उंच झाली आहे. फोटोपुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग आली आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. परब समोर भिंतीला टेकून होते. त्यांनी मला नमस्कार केला होता, बोलले नव्हते.

"शाळा कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. साधी आहे."

"पट लिहितात का फळ्यावर?"

"लिहितात. पण बाईच लिहितात." मग म्हणाली, "मी मनात मोजते. पहिल्यांदा अडतीस होतो. आता एकतीस आहोत."

मी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मोठ्या बाई, ही शाळा पण बंद होणार का?"

परबांनी मान वर केली.

"मला माहीत नाही, सई," मी म्हटलं.

तिने ते ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. आकडा बरोबर आला की जशी खुर्चीवरून उतरायची, तशीच उठली आणि वडिलांपाशी जाऊन बसली.

मुलासाठी साधी शाळा शोधणाऱ्या पालकांना मी एवढंच सांगेन. शाळा किती जुनी आहे ते मुख्याध्यापिकेला विचारू नका, ते बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं. पहिलीच्या वर्गात जा. फळ्याच्या कोपऱ्यातला पट वाचा आणि मग बाकांवरची मुलं मोजा. आकडा जुळला नाही आणि बाई म्हणाल्या की मूल चुकलं असेल, तर त्या मुलाला विचारा.